किर्गिओस, आपटलेली रॅकेट आणि मधले पंचवीस सेकंद

निपाणीच्या एका दादांनी विचारलंय, प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यांचा पोरगा चौदा वर्षांचा, हात फार सुंदर, सर्व्हिस वयाच्या मानानं जबरदस्त, आणि ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू निक किर्गिओस, त्याचा एकदम कट्टर भक्त. मॅचमध्ये दोन पॉइंट वाईट गेले की रॅकेट आपटतो, मग हसतो, मग पायांच्या मधून शॉट मारायला बघतो, आणि हरून बाहेर आला की "आज मूडच नव्हता" म्हणतो. दादांचं विचारणं असं की एवढं टॅलेंट असून किर्गिओसला सिंगल्सचं एकही ग्रँडस्लॅम का मिळालं नाही, आणि असला स्वभाव जन्माचा असतो काय, की सुधारतो.

मी बेळगावात टिळकवाडीत पोरांना टेनिस शिकवतो, पंचवीसेक वर्षं झाली. त्याच्या आधी कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होतो, आणि त्याच्याही आधी तिथंच बॉलबॉय. मार्कर म्हणजे काय हे आजच्या पोरांना माहीत नसतं. मेंबर लोकांना पार्टनर मिळाला नाही की त्यांच्याशी खेळायचं, सकाळी कोर्टवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या पट्ट्या मारायच्या, आणि साहेब फारच हरायला लागले की दोन बॉल गुपचूप नेटमध्ये घालायचे. हे शेवटचं काम लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिलं किर्गिओसचं बघू. वाया गेला, वाया गेला असं लोक म्हणतात तेव्हा मला आधी हसूच येतं. २०१६ च्या ऑक्टोबरात हा माणूस जगात तेरावा होता. जगात ओ! आपल्या जिल्ह्यात तेरावा कोण हे सांगायचं तर मला आधी तेरा जण गोळा करावे लागतील. सात एटीपी टायटल, २०२२ ला विम्बल्डनची फायनल, त्याच वर्षी कोकिनाकिसबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स. दुसऱ्या कुणी एवढं केलं असतं तर गावाच्या वेशीवर कमान उभारली असती. खरं किर्गिओसला ती मोजपट्टी लागत नाही आणि त्याला कारण तोच आहे. २०१४ ला एकोणीस वर्षांचा पोरगा, रँकिंग १४४, वाइल्ड कार्डवर विम्बल्डनला येतो, दुसऱ्या राउंडला गास्केविरुद्ध दोन सेट मागं असताना नऊ मॅच पॉइंट वाचवून जिंकतो आणि नंतर सेंटर कोर्टवर त्या वेळच्या एक नंबरच्या नदालला चार सेटमध्ये घालवतो, त्यातले दोन सेट टायब्रेकवर, म्हणजे ६-६ झाल्यावर जो निकालाचा गेम खेळतात त्यावर. पुढं फेडरर भेटला २०१५ ला माद्रिदमध्ये, जोकोविच भेटला २०१७ ला अकापुल्कोत, दोघांनाही पहिल्याच भेटीत हरवलं. म्हणजे त्या तिघांनाही पहिल्या भेटीत. असली सुरुवात करून दाखवल्यावर तेरावा नंबर हा लोकांना तोटाच वाटणार.

त्याची सर्व्हिस मी मोबाइलवर स्लो करून पोरांना कितीतरी वेळा दाखवलीय. टॉस फार वर नाही, बॉल हातातून सुटतोय तोवर रॅकेट निघालेली असते, आणि मधे टीवर, म्हणजे सर्व्हिसच्या चौकोनाच्या मधल्या रेषेकडं जाणारी, बाहेर जाणारी, अंगावर येणारी अशा तिन्ही सर्व्हिस एकाच टॉसवरून. समोरच्याला वाचायला काही मिळतच नाही. गुडघे फार वाकवायचे नाहीत, कुठं ओढाताण नाही, एस, म्हणजे समोरच्याची रॅकेट पण न लागणारी सर्व्हिस, मारून हा दुसऱ्या कोर्टकडं चालायला पण लागलेला असतो. बॅकहँड बघा, रॅकेट मागं नेतोय असं वाटतच नाही, अर्धवट लागलेलं दार खांद्यानं ढकलावं तसा मारतो आणि बॉल मात्र बेसलाइनवर. आमच्या जुन्या मेंबरांपैकी एक कर्नलसाहेब असल्या पोराला बघून "हात आहे" एवढंच म्हणायचे. हात शिकवता येत नाही, ते खरंच.

आता गंमत अशी की रोगाचं मूळ तिथंच आहे, हातात.

तालमीत गेलेल्यांना हे लगेच कळेल. एखाद्या पोराला ढाक हा कुस्तीतला डाव असा काही बसतो की दोन मिनिटांत समोरचा चितपट. वस्ताद खूष, गाव खूष, जत्रेच्या मैदानात बक्षिसं. त्या पोराला दहा मिनिटांच्या पुढची कुस्ती कधी करावीच लागत नाही, आणि एक दिवस असा गडी भेटतो की जो ढाक लागूच देत नाही, नुसता चिकटून राहतो. मग दम जातो, दम गेला की राग येतो, आणि लोक म्हणतात काय रागीट पोरगा आहे. अहो राग नंतर आला की, आधी दम गेला! टेनिसमध्ये मोठ्या सर्व्हिसवाल्याचं अगदी हेच होतं. स्वतःच्या सर्व्हिसचा गेम जात नाही म्हटल्यावर समोरच्याच्या सर्व्हिसवर झोप काढली तरी चालतं, चार रिटर्न इकडं तिकडं मारले, एखादा लागला तर लागला, नाहीतर टायब्रेकला बघू. चौदाव्या वर्षी हे चालतं, अठराव्या वर्षी पण चालतं, आणि किर्गिओससारखा हात असेल तर जगात तेराव्या नंबरापर्यंत चालतं. त्याच्या पुढं जे बसलेत ते सगळे चिकटणारे गडी.

२०२२ ची विम्बल्डन फायनल परत एकदा बघा, खरं तमाशा बघू नका, स्कोर बघा. पहिला सेट किर्गिओसनं ६-४ घेतला. दुसऱ्या सेटला जोकोविच ५-३ वर सेटसाठी सर्व्हिस करतोय आणि स्कोर ०-४०, म्हणजे तीन ब्रेक पॉइंट, समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम घ्यायच्या तीन संधी. तिन्ही गेले, सेट गेला. तिसरा सेट, ४-४, किर्गिओसची सर्व्हिस, ४०-०, म्हणजे आणखी एक पॉइंट मिळाला की गेम त्याचा. त्या दिवशी त्यानं तीस एस मारलेत, त्या माणसाचा ४०-० वरून गेम जाणं म्हणजे घराच्या अंगणात येऊन गाडी बंद पडणं. तो गेम गेला, सेट गेला, चौथा सेट टायब्रेकला गेला, मॅच संपली. आणि त्या सगळ्यात तो बोलत कुणाशी होता? स्वतःच्या बॉक्सशी, म्हणजे तिथं बसलेल्या आपल्याच माणसांशी, तुम्ही का ओरडत नाही म्हणून. अंपायरशी, प्रेक्षकातल्या एका बाईला बाहेर काढा म्हणून. समोर जोकोविच होता, तो सर्व्हिस परत करण्यात आजवरचा सगळ्यात भारी, त्यामुळं बडबड केली नसती तरी कदाचित हरलाच असता, हे मी मान्य करतो. तरी पण ४०-० नंतरचे ते पॉइंट बघताना मला कोचापेक्षा जुना मार्कर जास्त आठवतो, कारण गेम निसटायला लागला की माणूस निमित्त शोधायला लागतो आणि ते डोळ्यांत आधी दिसतं.

टेनिसमध्ये दोन पॉइंटच्या मधे पंचवीस सेकंद असतात, प्रो लेव्हलला आता घड्याळच लावलंय. मी एकदा आमच्या पोरांच्या मॅचला स्टॉपवॉच घेऊन बसलो, दोन तासाच्या मॅचमध्ये बॉल हलत होता तो वेळ अर्धा तास पण भरला नाही. बाकी सगळं चालणं, बॉल गोळा करणं, टॉवेल, पाणी. म्हणजे दीड तास पोरगा स्वतःबरोबर एकटा असतो, आणि तो दीड तास कुणी शिकवत नाही. फोरहँडला महिन्याला फी घेतो आम्ही, त्या दीड तासाला काय घेतो?

राग शरीरात कुठं जातो ते सांगतो, हे पोरांना हाताला हात लावून दाखवावं लागतं. राग आला की पकड घट्ट होते. पकड घट्ट झाली की मनगट बंद, मनगट बंद झालं की सर्व्हिसला रॅकेटचं डोकं उशिरा येतं, बॉल लांब जायला लागतो. पहिली सर्व्हिस फॉल्ट गेली की दुसरीला पोरगा घाबरून नुसता बॉल टाकतो, समोरचा पुढं येऊन मारतो, परत राग. वरून श्वास छातीतच अडकलेला, त्यामुळं पाय उशिरा सुटतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोराचं डोकं फिरलं, प्रत्यक्षात पहिल्यांदा त्याची चार बोटं फिरलेली असतात. म्हणून मी पोरांना शांत हो वगैरे काही सांगत नाही. शांत हो म्हटल्यावर आजपर्यंत कुणी शांत झालंय काय? मी सांगतो पॉइंट संपला की रॅकेट डाव्या हातात घे. बस. उजवा हात मोकळा सोड, खाली लोंबकळू दे. नेटकडं पाठ कर, कोर्टमागच्या जाळीपर्यंत चाल, रॅकेटच्या तारा बघ, आणि वळताना फक्त एक गोष्ट ठरव, सर्व्हिस कुठं टाकणार. रॅकेट डाव्या हातात असली की आपटायला पण नीट येत नाही, हा वरचा फायदा.

आणि राग म्हणजे वाईट असं काही नाही, हे स्पष्ट सांगतो. मरात साफिननं आयुष्यात शेकड्यानं रॅकेटी मोडल्या, तरी वयाच्या विसाव्या वर्षी, २००० ला, यूएस ओपन फायनलला सॅम्प्रसला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, आणि २००५ ला ऑस्ट्रेलियात सेमीफायनलला फेडररविरुद्ध मॅच पॉइंट वाचवून पाचवा सेट ९-७ नं काढला, पुढं टायटल पण घेतलं. फेडरर स्वतः पोरवयात रॅकेट फेकणारा, रडणारा होता. २००१ ला हॅम्बर्गला पहिल्याच राउंडला स्क्विलारीकडून हरला, रॅकेट फोडली, आणि तिथून ठरवलं की आता बास, हे तो स्वतःच नंतर सांगत आलाय. दोन वर्षांनी विम्बल्डन. दुसऱ्या टोकाला नदाल, काकानं लहानपणीच दम दिला होता की रॅकेट फेकलीस तर शिकवणार नाही, त्यानं आयुष्यात रॅकेट आपटली नाही. म्हणजे तापट पण जिंकतात, थंड पण जिंकतात. मग किर्गिओसचं काय अडलं?

इथं माझं मार्करचं काम कामाला येतं. मुद्दाम हरणं म्हणजे काय हे मला पगार घेऊन शिकवलेलं आहे. एक सांगतो, ज्या दिवशी मी साहेबांना दोन गेम सोडायचो त्या दिवशी मला हरल्याचं अजिबात दुःख व्हायचं नाही, उलट घरी जाताना छाती फुगलेली, की मनात आणलं असतं तर साहेबांना धूळ चारली असती. फार गोड असतं ते. नशा असते. पण एकदा खरोखरच एक मेंबर माझ्यापेक्षा चांगला खेळायला लागला, पुण्याहून बदली होऊन आलेला तरुण ऑफिसर, आणि मी काय केलं? त्याला पण "सोडायला" लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन गेम जीव तोडून खेळलो, जमेना, तेव्हा बॉल नेटमध्ये घालायला लागलो, म्हणजे मला स्वतःला सांगता यावं की सोडला म्हणून हरलो. हे मला कळायला पुढं दहा वर्षं लागली.

आता २०१६ चं शांघाय बघा. आदल्याच आठवड्यात टोकियोचं टायटल जिंकून आलेला माणूस मिशा झ्वेरेवविरुद्ध ६-३, ६-१ हरतो, तो पण पाऊण तासात. एका सर्व्हिसला बॉल नुसता हळूच पलीकडं ढकलून, समोरच्याचा रिटर्न यायच्या आतच खुर्चीकडं चालायला लागला होता. अंपायरला सांगावं लागलं की बाबा असं खेळता येणार नाही. साडेसोळा हजार डॉलर दंड, मग आणखी पंचवीस हजार आणि आठ आठवड्यांची बंदी, सायकॉलॉजिस्टकडं गेलास तर तीन आठवडे. लोकांना २०१९ चं सिनसिनाटी आठवतं, खाचानोवविरुद्ध मॅच चालू असताना आत जाऊन दोन रॅकेटी फोडल्या आणि लाखाच्या वर डॉलर दंड झाला, किंवा त्याच वर्षी रोमला कोर्टवर खुर्ची भिरकावली ते आठवतं. माझ्या मते ती खुर्ची बिर्ची किरकोळ आहे. खुर्ची फेकणाऱ्याला निदान जिंकायचं असतं. शांघायवाला माणूस जास्त काळजीचा, कारण त्यानं हरण्याआधीच हरल्याचं कारण तयार करून ठेवलंय.

पायांमधून मारलेला शॉट, अंडरआर्म सर्व्हिस, हे पण बऱ्याचदा त्याच घरातलं असतं. अंडरआर्म सर्व्हिसला माझा विरोध नाही, समोरचा पार मागच्या जाळीला टेकून उभा असेल तर तो चक्क हुशारीचा शॉट आहे. खरं ३०-३० ला पायामधून मारायचा कशाला? लागला तर टाळ्या, नाही लागला तर गंमत केली. दोन्हीकडून पोरगा सुरक्षित. सरळ फोरहँड मारून तो बाहेर गेला तर मात्र सांगायला काही राहत नाही, की माझा सगळ्यात चांगला शॉट मी मारला आणि तो पुरला नाही. ह्या एका वाक्याला भिऊन किती पोरं खेळ सोडतात हे मी बघितलंय.

शहापूरचा एक पोरगा होता माझ्याकडं, नाव नको. वडलांचा यंत्रमाग, घरात टेनिस म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही, हा आपला भिंतीवर खेळून खेळून शिकला आणि ड्रॉप शॉट असा की बॉल पडला की तिथंच बसून राहायचा. मी त्याच्यावर इतका खूष की पळायला लावायचोच नाही. बाकीची पोरं कोर्टला फेऱ्या मारताहेत आणि हा माझ्याजवळ उभा राहून सर्व्हिस मारतोय. चूक माझी आहे, शंभर टक्के. सोळाव्या वर्षी हुबळीत एका स्पर्धेत त्याला एक काटकुळा पोरगा भेटला, ज्याच्याकडं एकही शॉट नव्हता, नुसता सगळं परत टाकायचा, उंच, मधोमध, कंटाळा येईपर्यंत. आमचा ४-१ वर होता. तिथून त्यानं ड्रॉप मारायला सुरुवात केली, काटकुळा पळत येऊन परत टाकायचा, मग आणखी बारीक ड्रॉप, नेटमध्ये. मग हसायला लागला. मग मुद्दाम डाव्या हातानं एक पॉइंट खेळला, प्रेक्षकांत हशा. ६-४, ६-१ हरून आला आणि मला म्हणाला, सर, ह्याच्याशी काय सिरियसली खेळायचं. मी पण मान हलवली! तिथं मी गप्प बसायला नको होतं. वर्षाभरात खेळ सुटला. आता त्याचं खडेबाजारात दुकान आहे, रविवारी डबल्सला येतो, पोट सुटलंय, तरी त्याचा ड्रॉप अजून कुणाला उचलत नाही. गेल्या महिन्यात चहा पिताना विषय निघाला तर म्हणतो, "सर, तेव्हा मी सिरियसली खेळलोच नाही ओ, नाहीतर..." छत्तीस वर्षांचा झालाय. ते "नाहीतर" अजून जपून ठेवलंय.

एक बाजू मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. किर्गिओस २०२२ ला स्वतःहून बोलला की २०१९ च्या सुमाराला तो डिप्रेशनमध्ये होता, दारू होती, जीव द्यायचे विचार होते. तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर बसून आळशी, माजुरडा म्हणत होतो, मी पण म्हणत होतो. त्यामुळं पोरगा सतत गप्प असेल, झोप नसेल, जेवण तुटलं असेल, तर ते टेम्परामेंट नव्हे, तिथं कोचाचं काम नाही, डॉक्टरकडं जायचं. ह्यात लाज कसली.

आणि त्याला हा खेळ किती आवडतो हा पण प्रश्नच आहे. टेनिस माझं प्रेम नाही, बास्केटबॉल आहे, असं त्यानं कितीदा तरी जाहीर सांगितलंय. चौदाव्या वर्षी दोन्हीपैकी एक निवडावं लागलं आणि टेनिस निवडलं गेलं. दादा, तुमच्या पोराचं पण वय चौदाच. तेव्हा विचारून बघा एकदा, आणि विचारताना उत्तर काय यायला पाहिजे ते तोंडावर दाखवू नका.

न आवडणाऱ्या कामाचं काय होतं ते रँकिंगमध्ये दिसतं. रँकिंग बावन्न आठवड्यांचं असतं, गेल्या वर्षी ह्या आठवड्यात कमावलेले पॉइंट ह्या वर्षी परत कमवायचे नाहीतर गेले. एखाद्या रात्री नदालला हरवून ते भरत नाही, फेब्रुवारीतल्या कुठल्यातरी मंगळवारी रिकाम्या स्टेडियमवर सत्तराव्या नंबरच्या माणसाला हरवून भरतं. किर्गिओसला मोठं कोर्ट, रात्रीची मॅच, समोर मोठं नाव असलं की अंगात येतं, मंगळवारी येत नाही. लाल मातीचा सीझन तर तो जवळपास सोडूनच द्यायचा, फ्रेंच ओपनला २०१७ नंतर उतरलाच नाही. कितीतरी वर्षं कोच पण ठेवला नाही. आणि शरीराला जी पायाभरणी लागते ती अठरा ते बावीसमध्ये झाली नाही की सत्ताविसाव्या वर्षी बिल येतं. २०२२ हे त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष, विम्बल्डन फायनल, वॉशिंग्टनला सिंगल्स डबल्स दोन्ही, यूएस ओपनला मेदवेदेवला हरवलं, क्वार्टरला परत तोच खाचानोव, पाच सेट, हरल्यावर परत रॅकेटी. आणि जानेवारीत गुडघा. मग मनगट. ज्या वर्षी डोकं जागेवर आलं त्याच्या पुढच्या वर्षी पाय गेले. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

स्वभाव सुधारतो काय? सुधारतो हा शब्द मला पटत नाही. फेडररचा राग गेला नाही, त्यानं ठेवायची जागा बदलली. आपल्याच कर्नाटकातला, कोडगूचा रोहन बोपण्णा बघा, सर्व्हिस पहिल्यापासून तोफ, २०१० ला यूएस ओपन डबल्स फायनल हरला, २०२३ ला परत हरला, मधे गुडघ्यांची वाट लागली, अय्यंगार योगा धरला, आणि २०२४ ला त्रेचाळिसाव्या वर्षी एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून डबल्सला जगात एक नंबर. त्याला कुणी कधी जीनियस म्हटलं नाही. म्हणून वाचला असं मला कधी कधी वाटतं, कारण जीनियस म्हटलं की पोरगा ती पदवी सांभाळायला लागतो, खेळ राहतो बाजूला.

माझं स्वतःचं सांगायचं तर, विशीत असताना एका क्लब मॅचला मी एका मेंबरची उसनी रॅकेट रागानं फेकली ती कंपाउंड ओलांडून रस्त्यावर, आणि वरून दुधाची गाडी गेली. चार महिने पगारातून कापून घेतले. राग तिथंच बराच कमी झाला, सायकॉलॉजिस्ट लागला नाही. ही गंमत नाही, सांगतोय ते ऐका: पोरगा रॅकेट मोडतो आणि आठ दिवसांत नवी येते, तर मोडायला काय झालं? मोडली तर मोडली, तीच महिनाभर खेळायची, किंवा खेळायचं नाही. गटिंगचे, म्हणजे नव्या तारा ओढायचे, पैसे पण त्याच्या खाऊच्या पैशातून अर्धे घ्या. रागावू नका, ओरडू नका, फक्त हिशेब ठेवा.

धारवाडला एका ज्युनियर स्पर्धेत आमचा एक पोरगा दर चुकीला स्वतःला मराठीतून अशा काही शिव्या घालत होता की विचारू नका, त्याला वाटलं अंपायर कन्नड, ह्याला काय कळतंय. अंपायर खानापूरचा, म्हणजे मराठीच निघाला. वॉर्निंग दिली, पुढच्या वेळी पॉइंट जाईल म्हणाला, आणि एंड बदलताना हळूच, "बाळ, घाल शिव्या, खरं आईला त्यातनं सोड." पोरगा असा लाजला की पुढचे चार गेम जिंकला.

तुमच्यासाठी एवढंच दादा. मॅच चालू असताना जाळीला धरून उभे राहू नका. तुम्ही कपाळावर हात मारला की पोराला ते पाठीवर लागतं, मी बघितलंय, पॉइंट संपल्यावर तो आधी तुमच्याकडं बघतो आणि मग रॅकेट आपटतो. ती आपट तुमच्यासाठी असते, की बघा मला पण राग आलाय, तुम्ही आणि वेगळं रागावू नका. लांब जाऊन चहा प्या. परत निपाणीला जाताना हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत गाडीत मॅचचा विषय काढायचा नाही, भूक लागलीय काय एवढं विचारा. टोलनाक्यानंतर त्यानं काढला तर ऐका. आणि "आज मूड नव्हता" म्हणाला तर होय म्हणू नका, मी शहापूरच्या पोराला मान हलवली तशी. एवढंच विचारा, मूड असता तर जिंकला असतास काय? मग गप्प बसा, कितीही वेळ लागू दे.

रविवारी सकाळी सहाला घेऊन या. पावसानं कोर्ट अजून ओलं असेल तर आधी रोलर ओढायला लागेल, कपडे जुने घाला म्हणावं. रॅकेट एकच, दुसरी घरी ठेवा. त्याला नुसते बॉल परत टाकत राहणाऱ्या एका नऊ वर्षांच्या चिवट पोरीबरोबर उभा करणार आहे, तिच्याशी सलग पन्नास बॉल आत टाकायचे, एक चुकला की परत एकपासून. तेवीसच्या पुढं गेला तर मला फोनवर सांगायला लावा त्याला, कारण किर्गिओसच्या भक्तांपैकी पहिल्या दिवशी तेवीसच्या पुढं आजवर कुणी गेलेलं नाही.